शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आता पैसे कधी? सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी महिन्यांचा हिशेब

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, ऑगस्टमध्ये अर्ज भरला म्हणजे दिवाळीपर्यंत पैसे येतील, असं धरून खर्चाचा मेळ घालू नका. पहिला हप्ता यायला बहुधा जानेवारी ते मार्च उजाडतो. दुसरा हप्ता पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर येणं ही नेहमीची गोष्ट आहे. एवढा उशीर झाला म्हणून अर्जात काहीतरी चुकलंय असं लगेच समजायचं कारण नाही. पण खरंच काही चुकलेलं असेल, तर तेही याच सहा-आठ महिन्यांच्या शांततेत दडून राहतं आणि कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. म्हणून पैसे कधी येणार हे विचारण्याआधी, या महिन्यात आपला अर्ज कुठे असायला हवा होता हे माहीत पाहिजे.

आधी योजना, मग तिचं कार्यालय

'शिष्यवृत्ती' हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो, पण प्रत्येक योजनेमागे वेगळा विभाग, वेगळी तरतूद आणि म्हणून वेगळं वेळापत्रक असतं. शेजारच्या बाकावरच्याला पैसे आले आणि मला नाही, याचं निम्म्या वेळा उत्तर एवढंच असतं की दोघांची योजना वेगळी आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाते. हे कार्यालय सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या योजना पूर्वी याच खात्याकडे होत्या. आता त्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर चुकीच्या दारात तास घालवू नका.

ज्याला सगळे 'ईबीसी' म्हणतात, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, कुटुंबातली पहिली दोनच अपत्यं. इथे अभ्यासक्रमावरून वाट फुटते. बीए, बीकॉम, बीएस्सी असेल तर अर्ज उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कोल्हापूर विभागात जातो, कारण सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्या विभागात येतात. इंजिनिअरिंग, डिप्लोमा किंवा फार्मसी असेल तर तंत्रशिक्षणच्या पुणे विभागीय कार्यालयात. कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतला किंवा सांगलीच्या वालचंदमधला विद्यार्थी कोल्हापूरला चौकशी करायला गेला, तर एसटीचं भाडं वाया.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळते. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. आणि 'मोफत' म्हणून अर्ज भरायचा नाही, असा समज करून घेतलेल्या मुली दरवर्षी सापडतात. सवलतसुद्धा महाडीबीटीच्या अर्जातूनच कॉलेजला पोचते. अर्ज नसेल तर ती फी तुमच्या नावावर थकबाकी म्हणून चढते.

याशिवाय केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर असतात. बारावीच्या गुणवत्तेवर मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये देते, उत्पन्न मर्यादा ४.५ लाख. तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० ची आहे. एनएसपीचा अर्ज साधारण ऑक्टोबरअखेर बंद होतो, नोव्हेंबरात कॉलेज आणि वरच्या पातळीची पडताळणी होते आणि वर्षाची रक्कम बहुधा एकदमच येते. महाडीबीटीवर मुदतवाढ मिळायची सवय झालेली पोरं इथेही तशीच वाट बघतात आणि फसतात.

मे-जून: दाखल्यांचे महिने

पैसे उशिरा येण्याची सुरुवात पुष्कळदा अर्जाच्याही आधी होते, उत्पन्नाच्या दाखल्यापासून. तहसीलदारांचा दाखला ३१ मार्चपर्यंतच वैध असतो. फेब्रुवारीत दुसऱ्या कशासाठी काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला जोडला की तो परत येणार हे नक्की. नवा दाखला एप्रिल उजाडल्यावरच काढा. जून-जुलैत सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रांत अॅडमिशनची गर्दी उसळते, त्यामुळे मेमध्ये काढलेला सर्वांत सोयीचा. लोकसेवा हक्क कायद्यानुसार या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण त्याआधी तलाठ्यांचा (आताचे ग्राम महसूल अधिकारी) उत्पन्न अहवाल लागतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावं असतात, हे धरून आठवडाभर जादा ठेवा.

अहवालात शेतीबरोबर बाकीचंही उत्पन्न येतं. उसाचं बिल, दुधाचं बिल, वडिलांची कारखान्यातली किंवा एमआयडीसीतली नोकरी. पालकांपैकी कोणी नोकरीत असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक आणि दाखल्यावरचा आकडा जुळला पाहिजे. आकडे जुळले नाहीत की अर्ज थांबलाच.

बाकी कागद: जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता, अधिवास, रेशनकार्ड, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट पत्र, फीची पावती, आणि मधे एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. वैधतेचा प्रस्ताव बारावीत असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे टाकलेला असावा. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही एकाच कागदावर अडकतात.

स्कॅन करताना मूळ कागदच स्कॅन करा, झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो नको. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक वाचता आला नाही, तर समोरचा कारकून तो ताडून बघू शकत नाही आणि अर्ज परत करण्याशिवाय त्याच्या हातात काही उरत नाही.

जुलै ते डिसेंबर: अर्ज कोणाच्या टेबलावर आहे

पोर्टल बहुतेक वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास नव्या वर्षासाठी उघडतं. शेवटची तारीख जाहीर होते, मग वाढते, पुन्हा वाढते. या मुदतवाढीवर विसंबणं हीच सर्वांत महागात पडणारी सवय आहे. पैसे तुकड्यातुकड्यांनी, ज्यांची पडताळणी पूर्ण झाली त्यांचे आधी, असे निघतात. सप्टेंबरात भरलेला आणि जानेवारीत भरलेला अर्ज दोन्ही मुदतीत असतात, पण पहिल्या बिलात नाव लागतं ते सप्टेंबरवाल्याचं.

अर्ज सबमिट केल्यावर तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून वर सांगितलेल्या विभागाच्या कार्यालयात, आणि शेवटी आयुक्तालय किंवा संचालनालयाच्या पातळीवर निधीसाठी. तुमच्या लॉगिनमध्ये 'माय अप्लाइड स्कीम हिस्ट्री'त अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे ते दिसतं. तिथे वाचायची गोष्ट दोनच: कोणाकडे आहे आणि कोणत्या तारखेपासून.

कॉलेजच्या लॉगिनला अर्ज महिनाभर हलला नाही, तर कारण बहुतेक तुमच्या घरचं असतं. ऑनलाइन अर्ज भरला, पण त्याची प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात दिलाच नाही. हार्ड कॉपी आल्याशिवाय कारकून पुढे पाठवत नाही. ती देताना पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. मार्चमध्ये 'तू दिलंच नव्हतंस' असं ऐकायची वेळ आली, तर तेवढाच एक कागद बोलतो.

आता 'सेंड बॅक'. अर्ज त्रुटीसाठी परत आला की तो पुन्हा तुमच्या लॉगिनमध्ये येऊन बसतो आणि तिथेच राहतो. एसएमएस येतो, पण नोंदवलेला नंबर चुलत्याचा किंवा गावातल्या कॅफेवाल्याचा असेल तर तो तुम्हाला कळतच नाही. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघणं याला पर्याय नाही. त्रुटी दुरुस्त केल्यावर अर्ज पुन्हा पहिल्या टेबलापासून वर चढतो. म्हणजे डिसेंबरात विभागाकडून परत आलेला अर्ज त्या वर्षीच्या पहिल्या हप्त्याला बहुधा मुकतो.

नेहमी परत येणारे अर्ज साधारण असे असतात. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव वेगळं: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, कुठे 'पाटील' आणि 'पाटिल'. अभ्यासक्रम निवडताना अनुदानित तुकडीऐवजी विनाअनुदानित निवडलेली. रूम भाड्याने घेऊन राहणाऱ्याने 'हॉस्टेलर' टिक केलेलं आणि वसतिगृहाचा दाखला नाही. प्रवेशाची तारीख पावतीशी न जुळणारी. आणि रिन्यूअलच्या जागी नव्याने 'फ्रेश' अर्ज भरलेला. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअलच भरायचा असतो, तोही दरवर्षी आपण होऊन. पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणून पुढचं आपोआप चालू राहत नाही. विद्यापीठाचा निकाल लांबला तर रिन्यूअलही लांबतो. अशा वेळी बाकी अर्ज भरून ठेवा आणि गुणपत्रिका हातात आली त्याच आठवड्यात सबमिट करा.

एका अर्जात चुकीचा मजकूर गेला म्हणून पोरं दुसऱ्या युजर आयडीने दुसरा अर्ज टाकतात. एकाच आधारवर दोन प्रोफाइल झाली की दोन्ही अडकतात. चूक झाली तर कॉलेजला सांगून अर्ज सेंड बॅक करून घ्या.

बँक खातं: जिथे मंजूर पैसेही अडतात

अर्ज मंजूर, निधी मंजूर, पोर्टलवर रक्कम दिसतेय, आणि पासबुकात काहीच नाही. या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी आधार सीडिंगमध्ये असतं. इथे जरा सावकाश वाचा, कारण बँकेतले कर्मचारीही हे दोन प्रकार कधीकधी एकच समजतात.

खात्याला आधार जोडलेलं असणं म्हणजे बँकेकडे तुमच्या केवायसीत आधार क्रमांक नोंदवलेला असणं. सीडिंग म्हणजे तोच क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी देशपातळीवरची संस्था) मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीवर, त्या बँकेच्या नावाने चढलेला असणं. सरकारी डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारी रक्कम, खाते क्रमांक बघून जात नाही, ती मॅपर बघून जाते. मॅपरवर एका आधारला एकच बँक असते, आणि जी शेवटी चढवली ती. त्यामुळे अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे मॅपर म्हणेल तिथेच जाणार. मोबाईलचं सिम घेताना किंवा एखादं अॅप चालू करताना नकळत पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं गेलं आणि तिथे संमतीची टिक पडली, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. 'आलेच नाहीत' म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे असे आलेले असतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा: बँकेचं नाव, स्थिती चालू की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला, हे तिथे दिसतं. इंटरनेट नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून *९९*९९*१# डायल करून बघा. नाव चुकीच्या बँकेचं असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि स्पष्ट सांगा: 'डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅप करायचंय.' नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं तर केवायसी होते आणि सीडिंग राहून जातं. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून 'भारत आधार सीडिंग इनेबलर'मधूनही हे करता येतं. फॉर्म दिल्यावर काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा. बघितल्याशिवाय झालं असं धरू नका.

पतसंस्थेतलं खातं या कामाला चालत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि घरचे सगळे व्यवहार तिथेच असतात हे खरं, पण पतसंस्था ही बँक नव्हे, तिला आयएफएससी कोड नसतो. जिल्हा मध्यवर्ती बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत खातं असेल तर डीबीटीसाठी सीडिंगची सोय आहे का, ते शाखेत विचारा. सोय असली तरी एकदा मॅपरवर नाव चढलेलं डोळ्यांनी बघा.

खातं 'मायनर' म्हणून उघडलेलं असेल आणि अठरा पूर्ण झाली असतील, तर नव्याने केवायसी करून ते बदलून घ्यावं लागतं. शाळेत असताना शून्य शिलकीवर उघडलेलं खातं दोन वर्षं व्यवहाराविना पडून राहिलं तर बँक ते निष्क्रिय करते. शंभर रुपये भरून शंभर काढले असते तर ते जिवंत राहिलं असतं. अजून एक फारसं माहीत नसलेलं कारण: पूर्ण केवायसीशिवाय उघडलेल्या 'स्मॉल अकाउंट'ला मर्यादा असतात. वर्षात एकूण जमा १ लाखापर्यंत, कोणत्याही वेळी शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला काढता येतात १०,०००. घरचं दुधाचं बिल याच खात्यावर येत असेल आणि त्यात शिष्यवृत्तीची मोठी रक्कम आली, तर ती परत फिरू शकते. उपाय साधा आहे, पूर्ण केवायसी.

पैसे परत फिरले म्हणजे बुडाले असं नाही. सीडिंग दुरुस्त झाल्यावर विभाग ते पुन्हा पाठवतो, पण पुढच्या फेरीत. ती फेरी दोन महिन्यांनी असेल किंवा पाचही.

किती रक्कम आणि कोणाच्या खात्यात

राज्याच्या बहुतेक योजनांत रकमेचे दोन भाग असतात. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क कॉलेजच्या खात्यात जातं; निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या. म्हणून 'माझ्या खात्यात काहीच नाही' असं म्हणण्याआधी पोर्टलवर रक्कम कोणाच्या नावाने दाखवली आहे ते बघा. ईबीसीत तर विद्यार्थ्याच्या हातात पैसे येण्याचा प्रश्नच नसतो, ती फीतली सवलत आहे. समजा कॉलेजचं मंजूर शिक्षण शुल्क ९०,००० आहे. ईबीसीतल्या मुलासाठी शासन ४५,००० देणार, तेही दोन हप्त्यांत साडेबावीस-साडेबावीस हजार. उरलेले ४५,००० आणि शिक्षण शुल्काबाहेरची फी घरूनच भरायची आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजात व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या ओबीसी मुलग्यांनाही ५० टक्केच मिळतं. व्हीजेएनटी आणि एसबीसीला १०० टक्के.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत खर्च ६० टक्के केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. राज्याचा हिस्सा आधी, आणि तो निघाल्यावरच केंद्राचा, असा क्रम आहे. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो, आणि इथे एक सापळा आहे. त्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते. एकदम मोठा आकडा दिसला म्हणून गाडीचं डाउन पेमेंट भरलं, की पुढच्या आठवड्यात कॉलेजचं पत्र येतं. पोर्टलवर मंजूर रकमेची फोड बघा, फीचा भाग कॉलेजला भरून पावती घ्या, उरलेला भत्ता तुमचा. भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. व्यावसायिक पदवी आणि पदव्युत्तरच्या पहिल्या गटात वसतिगृहातल्याला वर्षाला १३,५००, घरून येणाऱ्याला ७,०००. बीए-बीकॉमसारख्या तिसऱ्या गटात ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावीच्या चौथ्या गटात ४,००० आणि २,५००. हजेरी ७५ टक्के हवी.

वसतिगृहासाठीची डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जातीसाठीची स्वाधार योजना यांचे अर्ज वेगळे आणि तारखाही वेगळ्या. ईबीसी मंजूर झाली म्हणजे पंजाबराव आपोआप मंजूर, असं नसतं.

पासबुकात एंट्री 'एपीबीएस', 'एनएसीएच' किंवा 'पीएफएमएस' अशा अक्षरांनी येते, योजनेचं नाव क्वचितच असतं. तारीख आणि रक्कम पोर्टलशी ताडून बघा. काही योजनांत मंजुरीनंतर तुमच्या लॉगिनमध्ये व्हाउचर तयार होतं आणि ते 'रिडीम' करावं लागतं; फी कॉलेजला जाणार असली तरी बटण तुम्हीच दाबायचं असतं. जानेवारीनंतर लॉगिन बघताना ते टॅब उघडल्याशिवाय बाहेर पडू नका.

मार्चचं कोडं

सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉलेजचं जून ते मे. हा तिढा समजला की उशिराचं अर्धं कोडं सुटतं. चालू वर्षासाठी अर्थसंकल्पात ठेवलेल्या रकमेतून आधी गेल्या वर्षीची देणी भागवली जातात. उरलेल्यात नवे अर्ज बसतात. कमी पडलं तर डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांकडे बघावं लागतं. त्या मंजूर होऊन निधी कार्यालयापर्यंत यायला जानेवारी-फेब्रुवारी होतो, आणि मार्चअखेर कोषागारात बिलांची झुंबड. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम हालचाल दिसते आणि एप्रिल-मेमध्ये सगळं थंड पडतं. मार्चमध्ये ज्यांचा अर्ज विभागाच्या पातळीवर मंजूर होऊन तयार बसलेला असतो, त्यांना फायदा होतो. ज्यांचा तेव्हा सेंड बॅक होऊन पडलेला असतो, त्यांचा विषय नव्या आर्थिक वर्षात जातो. तेव्हा डिसेंबर संपेपर्यंत विभागाची मंजुरी दिसली पाहिजे, हे एकच लक्ष्य ठेवलंत तरी चालेल.

तोवर फी आणि खानावळ

शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीची शिक्षण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी फ्रीशिप कार्डाची सोयही आहे. प्रवेश घेतानाच ते दाखवा आणि उरलेली फी हप्त्याने भरण्याचा लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणं पुढच्या कारकुनाला लागू पडत नाही.

तरीही पूर्ण फी भरावी लागली असेल, तर पावती जपून ठेवा. शासनाकडून कॉलेजच्या खात्यात रक्कम आली की ती तुम्हाला परत मिळायला हवी, पण कॉलेज आपण होऊन बोलावून देईल असं नाही. पोर्टलवर रक्कम कॉलेजला गेल्याची तारीख दिसते. त्या पानाची प्रिंट, पावतीची झेरॉक्स, रद्द केलेला चेक आणि परताव्याचा अर्ज, एवढं घेऊन जा.

खानावळ आणि खोलीचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला लागतं, त्याला मार्च माहीत नसतो. दहा महिन्यांचा हा खर्च शिष्यवृत्ती नाहीच असं धरून काढा. रयतच्या आणि इतरही अनेक कॉलेजांत 'कमवा व शिका' चालते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ती पद्धत नेमकी याच अडचणीवरची आहे. त्याची नोंदणी जून-जुलैत होते आणि जागा मोजक्या असतात. शिष्यवृत्ती येईपर्यंत सावकारी व्याजाने पैसे उचलू नका. ज्या पैशाची तारीखच नक्की नाही, त्याच्या भरवशावर व्याज चालू करण्यात काहीच हित नाही.

अडलं तर कोणाकडे

जिथे अर्ज अडलाय, तिथेच जायचं. कॉलेजच्या टेबलावर असेल तर समाजकल्याणला जाऊन उपयोग नाही, ते तुम्हाला कॉलेजलाच परत पाठवणार. जतहून सांगलीला किंवा दहिवडीहून साताऱ्याला यायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून निघण्याआधी अर्ज क्रमांक, टेबलाची स्थिती दाखवणारी प्रिंट, आधार सीडिंगची प्रिंट आणि पासबुकाची शेवटची पानं सोबत घ्या. सीडिंगची प्रिंट नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो आणि तुम्ही रिकाम्या हाताने परतता.

पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय आहे; तिचा क्रमांक लिहून ठेवा. महिन्याभरात काही हललं नाही, तर संबंधित कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. 'माझी शिष्यवृत्ती का आली नाही' असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच येईल. असं विचारा: अर्ज क्रमांक अमुक कोणत्या तारखेला मंजूर झाला, त्याचं बिल कोषागारात कोणत्या तारखेला सादर झालं, रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या बँकेत वर्ग झाली, परत आली असल्यास कारण काय. तारखा मागितल्या की उत्तरात तारखा येतात.

शेवटचं वर्ष असेल तर

दुसरा हप्ता कॉलेज सोडल्यावर येणार हे धरून चार गोष्टी करा. बँक खातं बंद करू नका, आणि पुण्यात नोकरीला लागल्यावर पगाराचं नवं खातं उघडताना आधार सीडिंगची टिक कुठे पडतेय ते बघा. मॅपर बदलला की शिष्यवृत्ती पगाराच्या खात्यात जाईल. त्यात बिघडत काही नाही, फक्त शोधताना लक्षात असू द्या. मोबाईल नंबर तोच ठेवा, कारण पोर्टलचा ओटीपी त्यावरच येतो. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा.

आणि कॉलेजने 'शासनाची फी आली नाही' म्हणून मूळ गुणपत्रिका अडवून धरली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना दाखवा. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या, सोबत मंजुरीची प्रिंट जोडा. बहुतेक ठिकाणी 'शिष्यवृत्तीची रक्कम आल्यावर ती कॉलेजकडे जमा करीन' असं हमीपत्र दिलं की कागद मिळतात. त्या हमीपत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा.